दुसरीच्या वर्गातला देवमासा गेला कुठे

१

सूनबाईंनी चादर ओढली, आणि खाली देवमासा नव्हता.

होती ती स्टुलं. एकावर एक रचलेली, मधे पालथी घातलेली बादली आणि शेपटीच्या जागी उभा केलेला खराटा. काल संध्याकाळी शाळेला कुलूप लागलं तेव्हा चादरीखाली जो फुगीर डोंगर सगळ्यांनी पाहिला, तो हाच.

सासूबाई दारातच थबकल्या. प्रदर्शन दुपारी होतं, पण त्या सकाळीच सुनेबरोबर निघाल्या होत्या, ठेवणीतले कपडे घालून. आधी येऊन बसलं नाही तर पुढची खुर्ची भलतंच कुणी बळकावतं, हा त्यांचा जन्माचा अनुभव. शिवाय माशाला लागलेली खळ त्यांनी आपल्या हातांनी, आपल्या चुलीवर, आपलं पातेलं खराब करून शिजवलेली. म्हणजे मासा निम्मा त्यांचाच, असं त्या शेजारीपाजारी सांगून मोकळ्याही झाल्या होत्या.

"कुठे ठेवलास?"

"इथेच होता, आई."

"होता म्हणजे? मासा काय चप्पल आहे, पायातून निसटायला?"

सूनबाईंनी चादर पुन्हा एकदा झटकून पाहिली. इयत्ता दुसरीच्या त्या बाई, पण हंगामी. प्रदर्शन पाहून संध्याकाळी ठरणार होतं की यांना कायम करायचं की सुट्टीनंतर येऊ नका म्हणून सांगायचं. आणि या माउलीने गेले दोन महिने अख्ख्या वर्गाला माशाच्या नादी लावलेलं. रद्दी फाडायची, भिजवायची, खळीचे थरावर थर द्यायचे. प्रत्येक पोराचा एक तुकडा, परातीसारखा वाकलेला. प्रदर्शन संपलं की ज्याने त्याने आपापला घरी न्यायचा. कडांना भोकं पाडून सगळे तुकडे सुतळीने एकमेकांना बांधलेले. पोरं नुकतीच बुटाची नाडी बांधायला शिकली होती, त्यामुळे माशाच्या अंगभर नाडीच्याच गाठी. वरून निळा रंग. पोटात एक मूल सहज उभं राहील एवढा मोठा.

मुख्याध्यापिका, म्हणजे शाळेच्या मोठ्या बाई, आल्या. त्यांनी खराटा पाहिला, बादली पाहिली, आणि नाकावरचा चष्मा आणखी वर ढकलला.

"मी म्हणतच होते, असले उद्योग वर्गात नकोत. खिडकीला गज आहेत, दाराला कुलूप होतं, किल्ली शिपायाकडे. आणि शाळेची रद्दी विकायचं कामही त्याच्याकडेच. दोन अधिक दोन." त्या सूनबाईंकडे वळल्या. "पालक यायच्या आत मासा सभागृहात दिसला तर ठीक. नाही तर संध्याकाळची बैठक फार लांबणार नाही."

सूनबाईंचे डोळे भरले. ते पाहून सासूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. सुनेला घरात त्या उठता बसता बोलत. तो त्यांचा हक्क होता. बाहेरच्याने बोललेलं त्यांना खपत नसे.

"शिपायाला नंतर बोल लावा," त्या म्हणाल्या. "मासा मी शोधते."

"आजी, तुम्ही?"

"आजी माझ्या नातवंडांची. तुम्ही मला बाई म्हणा."

२

शिपाई जिन्याखाली बसला होता, घरातलं माणूस गेल्यासारखा.

"बाई, मी नाही हो विकला. रात्रभर जागा होतो."

"जागा होतास की डोळे मिटून जागा होतास?"

शिपायाने जरा विचार केला. "डोळे मिटून. पण कान उघडे होते."

"कुलूप लावलंस तेव्हा मासा पाहिलास?"

"चादर पाहिली."

"चादरीखाली?"

"दुसऱ्याच्या वस्तूवरची चादर मी कशाला उचलू? एवढे संस्कार आहेत आमच्यावर."

सासूबाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं. ह्या माणसाला मासा विकायचा असता तर त्याने तो तुकडे करून पोत्यात भरला असता, आणि वर स्टुलं रचायच्या भानगडीत पडला नसता. स्टुलं रचायला कष्ट लागतात. हा माणूस पायाजवळ पडलेला खडू वाकून उचलायला दोनदा विचार करणारा. चोर वेळ मिळवत होता. काल संध्याकाळी कुणाला काही कळू नये, एवढंच त्याला हवं होतं. म्हणजे मासा रात्री गेलाच नव्हता. कुलूप लागण्याआधीच गेला होता, उजेडात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

"काल शाळा सुटताना काही वेगळं दिसलं?"

"वेगळं म्हणजे… एरवी दुसरीची पोरं सुटली की गुरं सुटल्यासारखी. मला तुडवून जातात. काल मात्र एकेक करून, हळूहळू, डोक्यावर भरलेला हंडा असल्यासारखी चालत गेली. आणि प्रत्येकाने मला 'येतो काका' म्हटलं." शिपायाने डोळे पुसले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. सात वर्षांचं पोर न सांगता नम्र झालं, की घरात काहीतरी फुटलेलं असतं, हे चार मुलं वाढवलेल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही.

तेवढ्यात समोरून तिसरीचे सर लगबगीने गेले. त्यांच्या शर्टाच्या बाहीला निळा रंग लागला होता.

३

तिसरीच्या वर्गाने ज्वालामुखी केला होता. सर त्याच्याभोवती अशा फेऱ्या घालत होते जणू मुलीचं लग्न ठरत नाहीये.

"बाहीला काय लागलंय?" सासूबाईंनी दारातूनच विचारलं.

सरांनी हात पाठीमागे नेला. "शाई."

"शाईला ओल्या रद्दीचा वास येत नाही. माशाला हात लावलात. कधी?"

"काल. मधल्या सुट्टीत." सर ज्वालामुखीकडे बघत बोलू लागले. "बघायला गेलो होतो. वाळलाय का ते पाहायला बोट लावलं. एवढंच. तुमच्या सुनेचा मासा चांगलाच झाला होता हो. आमच्या डोंगरापुढे कुणी थांबलं नसतं."

"म्हणून पळवलात."

"पळवू कसा?" सर आता खरोखर दुखावले. "बाई, तो मासा दारातून जाणारच नव्हता. दुसरीच्या दाराची एक फळी कित्येक वर्षांपासून खिळे मारून बंद आहे. उरलेल्या फटीतून माणूस जातो, मासा नाही. आडवा, उभा, तिरका, कसाही धरा. तुमच्या सुनेच्या ध्यानातच आलं नव्हतं. नवीन आहेत ना."

सासूबाईंनी ते दार आठवून पाहिलं. सकाळी त्या दारातून आत जाताना त्या स्वतः जरा तिरक्या झाल्या होत्या. तेव्हा त्यांनी दोष ठेवणीतल्या कपड्यांना दिला होता.

"हे तुम्ही तिला सांगितलंत?"

"त्यांना नाही. पोरांना म्हटलं, गमतीने. की तुमचा मासा वर्गातच म्हातारा होणार, आणि मोठ्या बाईंना कळलं की तुमच्या बाईंची काही धडगत नाही."

"गमतीने?"

"हसली नाहीत मात्र. ती चष्मिष आहे ना, तिने लगेच पट्टी काढली आणि दार मोजायला लागली." सर आठवून म्हणाले, "आणि शेवटच्या तासाला मोठ्या बाईंनी तुमच्या सुनेला पाट्या रंगवायला बोलावून घेतलं. वर्गावर कुणी नव्हतं. तरी इतकी शांतता, की मला वाटलं दुसरीला सुट्टी दिली."

सासूबाई दारातूनच मागे फिरल्या. चोराचा पत्ता आता त्यांना कळला होता. कळत नव्हतं ते एवढंच, की चोर दुसरीच्या वर्गात बसलेला असताना तो माल देत का नाहीये.

४

दुसरीच्या वर्गात सूनबाई पाढे घेत होत्या आणि स्वतःच चुकत होत्या. सासूबाई मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या.

पहिली गोष्ट: कुणी रडत नव्हतं. याच वर्गात गेल्या आठवड्यात खडू तुटला म्हणून तिघं रडली होती, हे सूनबाईंनीच जेवताना सांगितलेलं. दोन महिने खपून केलेला मासा गेला, आणि सगळ्यांचे डोळे कोरडे ठक्क.

दुसरी गोष्ट: प्रत्येक पोर बाकाच्या कडेला बसलेलं, कारण दप्तर पाठीवरच होतं. डबे मात्र बाहेर, मांडीवर.

त्यांनी जवळच्या बाकाचा खण हळूच ओढला. आत वह्या-पुस्तकं, कोंबलेली. शेजारच्या खणात तेच. सगळ्या वर्गाने पुस्तकं शाळेत ठेवून दप्तरं घरी नेली होती, आणि भरलेली परत आणली होती.

त्यांनी चष्मिषच्या दप्तरावर बोटाने टिचकी मारली. आतून पोकळ आवाज आला, रिकाम्या टोपलीसारखा.

चष्मिषने मान वळवली. घाबरली नाही. चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत पुटपुटली, "आजी, आत्ता नाही."

"मग कधी?"

"ते सांगता येत नाही."

"का?"

"तेही सांगता येत नाही."

"तुझ्या बाईंची नोकरी जाईल, कळतंय का?"

पोरीने दप्तराचे पट्टे घट्ट धरले, पण तोंड मिटलेलंच ठेवलं. तिच्या मागे बसलेल्या एका बोबड्या पोराने कानांवर हात ठेवले, म्हणजे आपल्याला कुणी विचारूच नये. अख्खा बाक असा चिडीचूप, जणू कुणी शपथ घातली होती.

सासूबाईंना एकच हाक मारायची होती. "अगं, दप्तरं उघड यांची," एवढं म्हटलं की खेळ खलास. पण मग सुनेने विचारलं असतं, का नेला रे तुम्ही मासा? पोरं बोलली असती, की बाई, तुमचं चुकलं, तो दारातून जात नव्हता. आणि ही सून, जिला खोटं बोलायचं म्हटलं की कान लाल होतात, तशीच उठून मोठ्या बाईंकडे गेली असती, आपली चूक ताटात वाढून द्यायला.

शोधलेलं सांगायचं नाही, हा प्रकार सासूबाईंच्या वाट्याला आयुष्यात पहिल्यांदाच आला होता.

५

मधली सुट्टी झाली. पोरं हात धुऊन आली, डबे पुढे घेऊन बसली. कुणी झाकण उघडलं नाही.

"काय झालं?" सासूबाई सुनेच्या शेजारी बसत म्हणाल्या. "उपास आहे का?"

"बोबडा यायचाय अजून, हात धुतोय. आमच्याकडे नियम आहे आई, सगळे आल्याशिवाय सुरू करायचं नाही. एकदा बटण बाहेर गेलेली असताना आम्ही कुणाच्या तरी वाढदिवसाचं गाणं म्हटलं, तर ती शाळा सुटेपर्यंत रडली. तेव्हापासून गाणं असो, गोष्ट असो, गंमत असो, सगळे हवेत."

"बटण कोण?"

"वर्गातली सगळ्यात लहान. तिची आई कपडे शिवते, म्हणून पोरं बटण म्हणतात."

बोबडा आला, बसला. तरी डबे बंदच. सगळ्या माना खिडकीजवळच्या एका रिकाम्या जागेकडे वळलेल्या.

"बटण आज आलेली नाही," सूनबाई दमलेल्या आवाजात म्हणाल्या. "तिचं पोट दुखतंय. करा सुरू."

झाकणं उघडली.

सासूबाईंचा घास हातातच राहिला. डब्यासाठी बाईंनी सूट दिली होती. पण ज्या गोष्टीचा बाईंना पत्ताच नाही, तिची सूट त्या देणार कशा? पोरं हट्टी नव्हती, आणि लबाड तर नव्हतीच. ती बाईंचा नियम पाळत होती, बाईंचीच नोकरी घालवून. सगळे आल्याशिवाय सांगायचं नाही, म्हणजे नाही.

"मी जरा पाय मोकळे करून येते," सासूबाई म्हणाल्या. "ही बटण राहते कुठे?"

"का?"

"पोट दुखतंय ना पोरीचं? विचारपूस नको करायला? तुमच्यात पद्धत नसेल."

निघताना त्यांनी सभागृहात डोकावलं. मोठ्या बाई खुर्च्या मांडून घेत होत्या. मध्यभागी देवमाशाची पाटी उभी होती, आणि तिच्यामागे मोकळी फरशी.

६

बटणच्या घरी शिवणयंत्र चालू होतं. आई पाय न थांबवता बोलली. "सकाळपासून खाटेखाली आहे. पोट दुखतं म्हणते आणि पोळीवर पोळी मागते. मी तर हात टेकले."

सासूबाई खाली बसल्या. गुडघे करकरले. त्यांनी खाटेखाली वाकून पाहिलं. अंधारात दोन डोळे बटणचे होते. बाकीचे मांजरीचे.

मांजर देवमाशाच्या गालात बसली होती. परातीसारखा वाकलेला तो निळा तुकडा, माशाच्या उजव्या डोळ्यासकट, तिला बाळंतपणासाठी फार पसंत पडला होता. आत पिल्लं लुचत होती.

"रात्री ठेवला आणि सकाळी ती बसली," बटण हुंदके देत म्हणाली. "उठतच नाही. ओरबाडते. माझ्यामुळे मासा आंधळा झाला. आता सगळे मला बोलतील. मी शाळेत येणारच नाही."

"तू नाही आलीस तर तो मासाच होणार नाही. बाकीची पोरं दप्तरं पाठीवर घेऊन बसलीत तुझ्यासाठी. सकाळपासून."

"अजून सांगितलं नाही त्यांनी?"

"कुणी ब्र काढलेला नाही."

बटणने नाक पुसलं. एवढी सगळी आपल्यासाठी थांबतात, हे तिला नवीन होतं. आई यंत्र थांबवून उठली. "थांबा, मी मांजर उचलून बाजूला ठेवते."

"खबरदार." सासूबाईंचा आवाज चढला. "बाळंतिणीला जागेवरून हलवायचं नाही. माझ्या सासूने मला हलवली होती तिसऱ्या दिवशी, भांडी घासायला. ते मी अजून विसरले नाही, आणि ती मेली तरी तिला विसरू दिलं नाही."

"मग डोळा?" बटणने विचारलं.

सासूबाईंनी पोरीकडे नीट पाहिलं. अंगाने एवढीशी, पण डोळे चांगले टपोरे.

"डोळ्याचं बघू," त्या म्हणाल्या. "आधी बूट घाल."

७

बटण वर्गाच्या दारात आली तेव्हा पालक फाटकातून आत येऊ लागले होते. चष्मिषने मान वळवून सगळ्या जागा पाहिल्या. एकही रिकामी नव्हती. तिने मान हलवली, आणि त्याच क्षणी अख्ख्या वर्गाने दप्तरं उघडली.

सूनबाई फळ्याला टेकल्या. बाकाबाकावर निळे तुकडे येत होते, पोट, पाठ, पर, शेपूट. पोरं ते डोक्यावर धरून रांगेने बाहेर पडली, एकेक करून, त्या दारातून. सूनबाई पाहत होत्या. मग त्यांची नजर दाराच्या बंद फळीवर गेली, खिळ्यांवर गेली, आणि तिथेच थांबली. चेहरा उतरला. सासूबाईंच्या लक्षात आलं की हिला कळलं.

"चल," त्यांनी सुनेचा दंड धरला. "आणि तोंड बंद ठेव. पोरांनी ठेवलंय, मी ठेवलंय, तूही ठेव."

सभागृहात पोरांनी जमिनीवर बसून गाठी मारल्या. बोबड्याची गाठ सुटत होती, ती चष्मिषने बांधली. पालक टाळ्या वाजवायला लागले; त्यांना वाटलं हाच कार्यक्रम आहे. मासा उभा राहिला, ढेरपोट्या आणि निळाशार, फक्त उजव्या गालाला भगदाड. बटण पोटात शिरली आणि भगदाडातून तोंड काढलं. माशाने डोळे मिचकावले. पुढच्या रांगेतलं एक तान्हं किंचाळलं आणि मग हसायलाच लागलं. ज्वालामुखीनेही तेवढ्यात आपला मुहूर्त साधला, तिसरीच्या सरांच्या विजारीवर, पण तिकडे कुणी बघितलं नाही.

मोठ्या बाई माशाभोवती एक फेरी मारून सूनबाईंसमोर उभ्या राहिल्या. पालक ऐकत होते. शिपाई दारात कान देऊन होता.

"तुकड्यातुकड्यांनी आणायचा आणि इथे जोडायचा. वर्गाच्या दारातून हा जाणार नाही, याचा तुम्ही आधीच विचार केलेला दिसतो. चांगलं नियोजन आहे. पण मग सकाळी तो गोंधळ कशासाठी?"

सासूबाईंना हायसं वाटलं. देवाने उत्तर आयतं हातात दिलं होतं. नुसतं हो म्हणायचं. पोरांनीही श्वास रोखले. माशाचा डोळा बाईंकडे लागला.

सूनबाईंचे कान लाल झाले.

"नाही बाई. मी विचार केला नव्हता. मला दार दिसलंच नाही. पोरांना दिसलं. मला बोलणी बसू नयेत म्हणून त्यांनी तो उतरवून नेला. आणि सगळे आल्याशिवाय सांगायचं नाही हा माझाच नियम, म्हणून दिवसभर गप्प बसली. शिपाईकाकांवर आळ आला तो माझ्या चुकीने."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. सकाळपासून जिभेला दाताखाली धरून ठेवलं होतं, आणि ह्या बयेने एका दमात सगळं ओतलं.

मोठ्या बाईंनी शिपायाकडे वळून मान लववली. शिपाई इतका बावरला की त्याने उलट त्यांनाच नमस्कार केला.

"मी इतकी वर्षं शिकवतेय," त्या सूनबाईंना म्हणाल्या. "माझ्या चुका माझ्या वर्गाने वेशीवर टांगल्या. झाकल्या कुणी नाहीत, निस्तरल्या तर नाहीतच." त्यांनी चष्मा काढून पुसला. "संध्याकाळच्या बैठकीला तुम्ही नाही आलात तरी चालेल. सुट्टीनंतर मात्र वेळेवर या. आणि ती फळी उघडून घ्या, शिपाई. खिळे उद्याच काढा."

पोरांनी एकदम गिल्ला केला. माशाचं पोट हलायला लागलं, कारण बटण आत नाचत होती.

घरी परतताना सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. अख्ख्या सभागृहात मासा सापडला याचं कौतुक झालं, पोरांचं झालं, सुनेचं झालं, शिपायाचंसुद्धा झालं. कुणी शोधला हे एका माणसाने विचारलं नव्हतं. त्या तशाच ताठ मानेने चालत राहिल्या.

कोपऱ्यावर सूनबाई म्हणाल्या, "आई, पण पोरं बटणसाठीच थांबलीत, हे तुम्हाला कसं हो कळलं?"

सासूबाई थांबल्या. समोरच्या रस्त्याने घर दोन मिनिटांवर होतं. त्यांनी सुनेचा हात धरला आणि तिला लांबच्या रस्त्याला वळवलं.

"सांगते," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगते. पण मधे बोलायचं नाही."